वेदगंगेच्या काठानं सायकलीवरनं: दोन बंधारे, एक रविवार, घाई नाही

पायडलमार (मंगळवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी.

येत्या रविवारी सकाळी सायकली काढूया का? व्यायाम नाही, शर्यत नाही, मोबाईलवर किती किलोमीटर झाले ते दाखवायचं नाही. नदीकाठानं निवांत जाऊन यायचं, बस्स.

एक कबुली देतो. मी निपाणीतच जन्मलो आणि वीस वर्षं कागलला नोकरीला जातोय. रोज दोनदा यमगर्णीच्या पुलावरनं वेदगंगा ओलांडतो. हजारो वेळा ओलांडली असणार. पण कुणी विचारलं, 'तुमची नदी कशी आहे हो?' तर मला सांगता येणार नाही. गाडी ऐंशीच्या पुढं असते. आधी ऊस, मग कठड्याच्या फटीतनं काहीतरी हिरवट चमकतं, मग परत ऊस. झाली नदी. तिनं आम्हाला थांबवलं ते २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत. तेव्हा ती स्वतःच महामार्गावर आली होती. सगळं गाव बघायला गेलं, फोटो काढले. पाणी उतरलं आणि आम्ही परत ऐंशीवर.

आणि पितोय तिचंच. जवाहर तलावाच्या जोडीला यमगर्णीच्या जॅकवेलमधनं उचललेलं पाणी आपल्या नळाला येतंय. रोज जिचं पाणी पितो तिच्या काठावर मी शेवटचा उतरलो तो दहावीच्या सुट्टीत, आणि घरी कळल्यावर मार खाल्ला होता.

तर मार्ग असा ठरवलाय: बेळगाव नाक्यावरनं निघायचं, जत्राट. जत्राट-भिवशी बंधाऱ्यावरनं पलीकडं. मग उत्तर काठानं पाणंदीनं सिदनाळ. सिदनाळ-अकोळ बंधाऱ्यावरनं परत अलीकडं, आणि अकोळवरनं घरी. सगळं मिळून २५ किलोमीटरच्या आसपास. जाताना नदी आपल्या बरोबर वाहते आणि दोनदा ओलांडायची, दोन्ही वेळा महामार्ग सोडून.

नियम एकच: सगळ्यात मागं जो असेल त्याच्या वेगानं सगळे. कोण कोण येणार?

---

बेळगावकर_टिळकवाडी (मंगळवार, रात्री १०.०५)

कार्यक्रम झकास. फक्त शीर्षकातला 'सायकल फेरी' हा शब्द काढा राव. आमच्याकडं सायकल फेरी म्हटलं की १ नोव्हेंबर, सीमाप्रश्नाचा काळा दिवस. काळे कपडे घालून यायचं का, आणि परवानगी मिळाली का, असे दोन प्रश्न मला आत्ताच घरातनं आले.

---

व्यवस्थापक (मंगळवार, रात्री १०.२०)

धागाकर्त्याच्या विनंतीवरून शीर्षक बदललं आहे. सीमाप्रश्नासाठी वेगळा विभाग आहे, तिथं जागा भरपूर आहे.

---

जत्राटची_लेक (मंगळवार, रात्री १०.३२)

मी येतो. भावाची गिअरची सायकल घेऊन येतो, गिअर बदलायला येत नाही पण चालतंय. जत्राट आमचं माहेर. बंधाऱ्याजवळ थांबलो तर आईकडनं आंबोळ्या मागवून घेतो.

---

पुण्यात_अडकलेला (मंगळवार, रात्री १०.४१)

वा दादा! वहिनींनाही घेऊन या.

---

जत्राटची_लेक (मंगळवार, रात्री १०.४४)

मीच वहिनी हाय.

---

पुण्यात_अडकलेला (मंगळवार, रात्री १०.५०)

माफी, माफी. बारा वर्षं पुण्यात राहून कान बिघडले. आमची आई पण आयुष्यभर 'मी जातो, मी खातो'च म्हणायची आणि मी इथं बायकोला ते समजावता समजावता थकलोय. आंबोळीचं ऐकून मात्र आतनं तुटलं. मी येऊ शकत नाही, फोटो टाका.

जाता जाता: मी देवचंद कॉलेजला होतो तेव्हा वर्ग महाराष्ट्रात, खोली कर्नाटकात. अर्जुननगर कागल तालुक्यात आणि निपाणी इकडं, मध्ये काय तर रस्ता. बाहेरगावच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना वाटायचं मी थापा मारतोय.

---

खरडेघाशा (बुधवार, सकाळी ७.१५)

हौस चांगली आहे, पण जानेवारी आहे हे कुणाच्या लक्षात आहे का? कारखाने चालू आहेत. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वरनं उसाचे शेंडे रस्त्यावर झाडल्यासारखे लोंबतात, आणि ड्रायव्हरच्या कानाशी स्पीकर. त्याला मागचा ट्रक ऐकू येत नाही, तुमची घंटी काय ऐकू येणार? रात्रभर वाहतूक असते, त्यामुळं पहाटे रस्ता मोकळा असतो हा गैरसमज आहे. पहाटेचा ड्रायव्हर रात्रभर जागलेला असतो.

लहान मुलांना आणणार असाल तर मी विरोध नोंदवतो.

---

पायडलमार (बुधवार, सकाळी ७.५०)

@खरडेघाशा, विरोध मान्य. दहा वर्षांखालचं कुणी नको. जत्राटपर्यंत एका रांगेत जाऊ. पुढं पाणंद आहे.

---

मळीवाला (बुधवार, दुपारी २.१०)

मी सिदनाळचा. येताय तर या, चहा आमच्याकडं. पण आधी एक सांगतो, सिदनाळ-अकोळच्याला लोक पूल पूल म्हणत्यात. तो बंधारा हाय. पूल माणसं पलीकडं जावीत म्हणून बांधत्यात, बंधारा पाणी अडवायला. आपण त्याच्या डोक्यावरनं जातो ही त्याची मेहेरबानी.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे काय ते शहरातल्या पोरांना माहीत नसतंय म्हणून लिहितो. नदीत ओळीनं खांब. खांबांना उभ्या खाचा. पाऊसकाळ संपला, नदीचा जोर ओसरला की साधारण ऑक्टोबरात त्या खाचांत आडवे बरगे घालायचे, एकावर एक. आधी लाकडी असायचे. बरग्यांच्या दोन रांगा आणि मध्ये चिखलमाती ठासून भरायची, नायतर पाणी झिरपून जातंय. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी आलेत आणि त्यांच्या पाठोपाठ बरगेचोर आलेत. भंगारात किलोवर जातंय ना ते. मग मेच्या अखेरीला, पाऊस लागायच्या आत, सगळे बरगे काढून काठावर रचायचे. काढायला उशीर झाला आणि पहिलाच पाऊस जोराचा लागला तर पाणी बाजूची मळी, म्हणजे काठची गाळाची जमीन, फोडून वाट काढतंय. माझ्या चुलत्याची अर्धा एकर अशीच गेली.

म्हणजे आत्ता जानेवारीत तुम्ही येणार तेव्हा बरगे घातलेले असणार. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला गोटे. बघायला ह्याच दिवसांत मजा हाय. जुलैत आलात तर बंधारा दिसायचाच नाही, पाण्याखाली असतोय. पेपरात यादी येते ती हीच: जत्राट-भिवशी, सिदनाळ-अकोळ, ममदापूर-हुन्नरगी, बारवाड-कुन्नूर. 'बंधारे पाण्याखाली, वाहतूक बंद.' पोरं शाळेला दांडी मारत्यात.

बंधाऱ्यावर कठडा नाय. सायकलवरनं उतरून चाला. कठडा का नाय असं विचारत्यात सगळे. पुरात ओंडके, ऊस, कडबा, काय वाट्टेल ते वाहून येतंय. कठड्याला ते अडकलं की तिथं भिंत तयार होते आणि नदी ती ढकलते. कठडा नसला की वरनं निघून जातंय. नदीशी भांडायचं नाय, वाट द्यायची.

---

बापू_२२इंची (बुधवार, सायंकाळी ६.३०)

मी बहात्तर वर्षांचा आहे. सायकल बावीस इंची, दांड्याची, डायनामोसकट. चेनकव्हर मूळचे. बंधाऱ्यावर उतरून चालणार नाही, कारण उतरले की परत चढायला ओटा लागतो. बाकी सर्व नियम मान्य.

ज्या महामार्गाची तुम्ही चर्चा करता तिथे १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये एकही मोटार नव्हती. तंबाखूच्या भावासाठी शेतकरी बैलगाड्या घेऊन रस्त्यावर बसले होते. मी तेव्हा याच सायकलवरून भाकऱ्यांची गाठोडी पोचवली आहेत. शेवटी ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्यानंतर त्या रस्त्यावर मी सायकल घातली नाही, मनच झाले नाही. नदीकाठाने येईन.

---

पायडलमार (बुधवार, सायंकाळी ७.०२)

बापू, तुमच्यासाठी ओटा शोधून ठेवतो. या नक्की.

---

खरडेघाशा (गुरुवार, सकाळी ८.००)

मळीवाल्यांनी जे कठड्याबद्दल लिहिलं तेच महामार्गाला लावून बघा. यमगर्णी ते मांगूर फाटा ही सगळी नदीची पसरायची जागा. रस्ता उंच करायचा म्हणून मातीचा भराव टाकला की पूर अडायला आडवा बांधच तयार होतो. रस्ता कोरडा, आणि वरच्या अंगाची गावं-शेतं पाण्यात. म्हणून लोक म्हणत होते की भराव नको, खांबांवर पूल करा, खालनं पाणी जाऊ दे. मला पर्यावरणवाला म्हणून हसणाऱ्यांनी एकदा त्या बंधाऱ्यावर उभं राहून खांबांमधनं पाणी कसं जातं ते बघावं.

मी पण येतोय. हेल्मेट घालून.

---

पायडलमार (गुरुवार, सकाळी ८.२०)

अरे वा. विरोधी पक्षच हेल्मेट घालून आला म्हणजे कोरम पूर्ण.

रविवारी सकाळी ६.३०, बेळगाव नाका. पाणी, एक जादा ट्यूब, आणि ज्यांच्याकडं पंप असेल त्यांनी पंप.

---

पायडलमार (रविवार, रात्री ९.१५)

जाऊन आलो. चौदा जण होतो. वृत्तांत लिहितोय, लांबला तर लांबला.

साडेसहाला नाक्यावर इतकं धुकं की बापूंच्या डायनामोचा दिवा आधी दिसला आणि बापू नंतर. वखारींच्या बाजूनं तंबाखूचा वास येत होता. आम्हाला तो जाणवत नाही, पण बेळगावकरांना दोन शिंका आल्या म्हणून लिहितोय. जत्राटपर्यंत ट्रॅक्टर लागले ते मोजून पाच. खरडेघाशांनी प्रत्येक ट्रॅक्टरला हात करून बाजूला घेतलं, वाहतूक पोलिसासारखं. मान्य करतो, त्यांच्यामुळं निर्धास्त गेलो.

जत्राटला गावातनं खाली उतरलं की हवा बदलते. कानाला गार लागतं. मग पाण्याचा आवाज, आणि मग, धुक्यातनं, बंधारा.

मी जरा वेळ काही बोललो नाही. डाव्या अंगाला, म्हणजे वरच्या बाजूला, पाणी काठोकाठ, हलत सुद्धा नव्हतं. जलपर्णीचा एक पट्टा काठाला चिकटलेला. धुकं पाण्यावर बसलेलं. उजव्या अंगाला पुरुषभर खाली काळे गोटे, मध्ये मध्ये डबकी, आणि बरग्यांच्या फटींतनं पाण्याच्या पिचकाऱ्या. एका गोट्यावर बायका कपडे धूत होत्या. दुसऱ्यावर बगळा. एकाच नदीची दोन रूपं आणि मध्ये जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढा स्लॅब. हे पुलावरनं कधीच दिसलं नसतं, कारण पुलाच्या दोन्ही बाजूला नदी सारखीच असते.

सगळे सायकली हातात धरून निघालो. निम्म्यात आलो आणि समोरनं म्हशी. पंधरा-वीस तरी. भिवशीकडनं जत्राटला येत होत्या, रोजची वेळ त्यांची. आता कठडा नाही, वळायला जागा नाही, चौदा सायकली आणि तेवढ्याच शिंगांच्या जोड्या. मागच्या म्हातारबाबानं ओरडून सांगितलं, "थांबा तिथंच, सायकली आडव्या करू नका, त्या कडंनं जातील!" आम्ही एका रांगेत सायकली अंगाला चिकटवून उभे. म्हशी एकेक करून आमच्यातनं गेल्या. एकीनं माझ्या कॅरिअरवरची पिशवी हुंगली. कुणी श्वास घेत नव्हतं. शेवटची म्हैस गेल्यावर म्हातारबाबा जवळ आला, आमच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "निधान होग्री." मग आमचे चेहरे बघून मराठीत, "सावकाश जावा." मी म्हटलं, बाबा, त्यासाठीच आलोय.

पलीकडं गेल्यावर आंबोळ्या. गरम, फडक्यात बांधलेल्या, बरोबर खर्डा आणि लोणी. जत्राटच्या लेकीचा भाऊ दुचाकीवरनं घेऊन आला होता. यावर जास्त लिहीत नाही, पुण्याचे लोक वाचतात.

भिवशीपासनं पाणंद. दोन्ही बाजूला ऊस उभा असला की पाणंद म्हणजे बोगदा. नदी दिसत नाही, पण मोटारींचे पाईप आडवे येतात त्यावरनं कळतं की ती शेजारीच आहे. एके ठिकाणी तोड झालेली होती, टोळीच्या खोप्या पडलेल्या, आणि एकदम सगळी मळी उघडी होऊन नदी समोर. तिथं एक बाभळ होती. वर, आमच्या डोक्याच्याही वर दीड पुरुष, फांद्यांत कडबा आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या. कुणीतरी म्हणालं, वारा असेल. मळीवाल्यांनी नंतर सांगितलं, वारा नव्हे, पूर. पाणी तिथवर होतं. आम्ही ज्या वाटेनं पायडल मारत होतो ती तेव्हा नदीच्या तळाशी होती.

आणि त्याच बाभळीचा काटा. माझ्या मागच्या चाकात. जादा ट्यूब आणली होती, ती दुसऱ्याच मापाची निघाली (हसू नका). ठिगळ, सोल्युशन बापूंच्या डब्यात, चाळीस वर्षांपूर्वीच्या चपट्या पत्र्याच्या डब्यात. पण भोक सापडेना. एरवी दुकानात घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघतात. इथं घमेलं कुठलं? बापू ट्यूब घेऊन सरळ नदीत उतरले, गुडघ्यापर्यंत धोतर वर, आणि वेदगंगेत ट्यूब बुडवून फिरवली. बुडबुडे आले. "इथं आहे बघ." माझ्या आयुष्यातलं पहिलं पंक्चर जे नदीनं शोधून दिलं.

सिदनाळला मळीवाल्यांकडं चहा. मग त्यांनी गुऱ्हाळावर नेलं. काहिलीतला रस उकळत होता, वरची मळी काढत होते, आणि वाफ सगळ्या शिवारावर. प्रत्येकाला केळीच्या पानावर गरम गूळ. बेळगावकरांनी काकवी पण घेतली, दोनदा. त्याचा परिणाम अकोळ गाठेपर्यंत झाला, तपशील देत नाही.

सिदनाळ-अकोळ बंधारा दहाच्या सुमारास ओलांडला. धुकं गेलं होतं. इथं पलीकडनं दुचाक्या, दूधवाले, कॉलेजची पोरं, एक नवरा-बायको बोचकं घेऊन, सगळे बिनधास्त जात होते, आम्हीच तेवढे पाहुण्यासारखे मधोमध उभे राहून खाली वाकून बघत होतो. एका दूधवाल्यानं विचारलं, "कोण पडलंय काय?"

साडेअकराला घरी. किती किलोमीटर झाले कुणी मोजलं नाही.

एक दुरुस्ती वृत्तांतातच देतो: पहिला बंधारा बापू सोडून सगळ्यांनी चालत पार केला. बापू म्हशी दिसेपर्यंत सायकलवरच होते.

---

बापू_२२इंची (रविवार, रात्री ९.५०)

म्हशी दिसल्यावरही सायकलवरच होतो. एक पाय बंधाऱ्यावर टेकला होता. टेकणे म्हणजे उतरणे नव्हे.

---

जत्राटची_लेक (रविवार, रात्री १०.०५)

वृत्तांत छान लिहिलाय पण म्हशी पंधरा-वीस नव्हत्या, नऊ होत्या. ते आमच्या गल्लीतले काका, मी ओळखतो त्यांना. घरी गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं, तुमची पोरगी चौदा शहाण्यांना घेऊन बंधाऱ्यात अडकली होती.

कपडे धुणाऱ्या बायकांबद्दल एकच ओळ लिहिलीत. मी बारावीपर्यंत तिथंच धुणं धुतलंय. वरच्या बाजूला पाणी खोल म्हणून पोरींना तिकडं जाऊ देत नव्हते, खालच्या गोट्यांवरच बसायचं. बरगे घातले की खालचं पाणी तुटतं, मग डबक्यातनं धुवायचं, आणि बरगे काढले की महिनाभर मजा, मग पूर. आमचं वर्ष असंच होतं. तुम्ही ज्या पिचकाऱ्या बघून फोटो काढत होता ना, त्या पिचकारीखाली हंडा लावला की भरायला किती वेळ लागतो ते मी आत्ता पण सांगू शकतो.

---

पायडलमार (रविवार, रात्री १०.१२)

नऊ. मान्य. भीतीनं दुप्पट दिसल्या.

---

मळीवाला (सोमवार, सकाळी ६.४०)

आलात, बरं वाटलं. गूळ आणखी हवा असंल तर सांगा, गुऱ्हाळ अजून महिनाभर तरी चालू हाय.

पुढच्या खेपेला खालच्या अंगाला चला. वेदगंगा दूधगंगेला मिळते तो भोजचा संगम, मग मलिकवाड-दत्तवाडचा बंधारा. तिथं बंधाऱ्याच्या ह्या टोकाला कर्नाटक, त्या टोकाला महाराष्ट्र. आमच्या लांबच्या बहिणीचं घर मलिकवाडात, रान दत्तवाडच्या बाजूला. कोरोनात कोगनोळी नाक्यावर कागदं मागत होते तेव्हा तिची पंचाईत झाली होती, रोज भांगलायला जायचं तर दुसऱ्या राज्यात.

---

बेळगावकर_टिळकवाडी (सोमवार, सकाळी ९.००)

मी तयार आहे. काकवी सोडून.

तिकडं मगरी आहेत असं ऐकलंय, खरं का?

---

मळीवाला (सोमवार, सकाळी ९.२०)

कृष्णेत हायत. तिकडनं वर येत्यात अधनंमधनं. बंधाऱ्यावर उभं राहिलात तर काय करत नाय, पाण्यात ट्यूब बुडवायला उतरू नका म्हंजे झालं.

---

खरडेघाशा (सोमवार, सकाळी ९.४५)

ट्यूब मापाची आणा, हा नियम क्रमांक दोन. आणि संगमाच्या वेळी एक रांग, परत सांगतो.

---

पुण्यात_अडकलेला (सोमवार, सकाळी ११.३०)

मी तारीख बघून सुट्टी टाकतो. सायकल नाही, कुणाच्या तरी कॅरिअरवर डबलसीट बसेन. वजन ८४ किलो.

---

बापू_२२इंची (सोमवार, दुपारी १२.१०)

माझे कॅरिअर मजबूत आहे. पोत्याची सवय आहे.

---

पायडलमार (सोमवार, रात्री ८.३०)

संगमाचा धागा वेगळा काढतो, तारीख होळीच्या आधीची बघू, उन्हं तापायच्या आत.

आज सकाळी कामावर जाताना यमगर्णीच्या पुलावर गाडी हळू केली. मागच्यानं हॉर्न मारला. तरी तेवढ्यात खालच्या अंगाला जत्राटकडं वळणारा काठ दिसला, बाभळी दिसल्या.

बाकी, माझा निळा पंप कुणाच्या पिशवीत गेलाय? गुऱ्हाळापर्यंत होता.

---

जत्राटची_लेक (सोमवार, रात्री ८.४१)

आमच्याकडं हाय. आंबोळीच्या फडक्यात गुंडाळून आलाय. फडकं आईचं हाय, ते मात्र परत लागणार.